मोजून श्वास देणारा मी

मित्रांनो, मी एक जुना व्हेंटिलेटर आहे. जन्मलो कारखान्यात, पण आयुष्य गेलं छत्रपती संभाजीनगरातल्या एका दवाखान्यात. ज्याला स्वतःहून श्वास घेता येत नाही, त्याच्या फुफ्फुसांत मी नळीतून हवा सोडतो. साथीच्या काळात लोक मला हात जोडत. साथ सरली आणि मी दोन वर्षं कोठीत पडून राहिलो. गरज सरो, वैद्य मरो!

मग एक दिवस सोयगावकडचे मेंढपाळ केरबा आले. न्यूमोनियाने त्यांची फुफ्फुसं सुजून पाण्याने जड झाली होती. मला पुसून, तपासून त्यांच्या उशाशी उभं केलं.

त्यांचा मुलगा शिवशंकर माझ्या पडद्याकडे बघून चिडला. "एवढुसाच श्वास? बापाची छाती बघा केवढीय! हवा वाढवा की."

प्रेमापोटीच बोलला बिचारा. पण सुजलेल्या फुफ्फुसात जोराने हवा कोंबली, तर त्याला आणखी इजा होते. म्हणून मी थोडी थोडीच देतो, आणि रुग्ण श्वास सोडतो तेव्हाही आत जरासा दाब राखतो, म्हणजे फुफ्फुस मिटत नाही. भसाभस हवा कोणीही फेकेल, मोजून देणं मला येतं. त्याचा मला अभिमान आहे, तो लपवू कशाला?

तरी दुसऱ्या दिवशी केरबांच्या रक्तातला ऑक्सिजन उतरतच गेला. डॉक्टर म्हणाल्या, "यांना पालथं झोपवावं लागेल. नाहीतर हाती लागणार नाहीत."

"नळ्या लावलेल्या माणसाला पालथं? नाय! मी सही करणार नाय," शिवशंकर हटून बसला. मी घाबरलो. हवा माझ्याकडे होती, पण माणूस वळवायला मला हात कुठे आहेत?

तेवढ्यात केरबांची बायको बानाबाई पुढे झाली. "आरं, मेंढी उताणी पडली अन् तिला उठता आलं नाय, तर काय हुतं?"

"मरती."

"कशानं?"

"दम कोंडून," शिवशंकर हळूच म्हणाला.

"मंग बापाला कशापायी उताणा ठिवतो? डॉक्टरबाई, अंगठा कुठं लावू, सांगा."

पाच जणांनी मिळून केरबांना पालथं केलं. एकाने तर फक्त माझी नळी सांभाळली. फुफ्फुसांचा पाठीकडचा मिटलेला भाग हळूहळू उघडला आणि संध्याकाळपर्यंत ऑक्सिजन चढला. मला कोण आनंद झाला!

नवव्या दिवशी नळी निघाली. केरबा खोकले, स्वतःचा श्वास ओढला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मेंढरं कोण हिंडवतंय?"

बानाबाई रडता रडता हसली. कनवटीचा भंडारा काढून ती माझ्यावर उधळणार, तोच प्रांजली सिस्टरने तिचा हात धरला. "मावशी, भंडारा नको. हवा आत घ्यायच्या जाळीत गेला तर याचाच दम कोंडेल."

"मंग ह्याला वाहू तरी काय?"

सिस्टरने तिच्या हाती स्वच्छ फडकं दिलं. बानाबाईने मला लेकराचं तोंड पुसावं तसं पुसलं. इतका मान मला कोणत्याही हारानं मिळाला नव्हता.

मित्रांनो, माझी जाळी धूत जा, बॅटरी तपासत जा. पुढचा केरबा दारात येईल, तेव्हा मला दुरुस्त करायला वेळ नसेल.