पुसा, पण घासू नका

"अरे, भोक पडासर घासतलंस काय त्येका?"

ही कुरकुर कृष्णाबाईची. ती अगदी माझ्या कानाशी झाली, कारण माझे कान म्हणजे दोन बाजूंच्या दोन कड्या, आणि त्यातली एक तेव्हा तुकारामच्या मुठीत होती. त्याने कोकमाची साल मिठात बुडवली आणि माझं पोट घासत राहिला.

मित्रांनो, मी एक जुनं तांब्याचं घंगाळ आहे. आकाराने लहान, पण मानाने मोठं. बांद्याच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. तेव्हा वाटलं होतं, कुणाच्या तरी न्हाणीत गरम पाणी पोटात घेऊन ऐटीत बसावं. पण मिठबावच्या अलीकडे आमची अकरा घरांची ल्युथरन ख्रिस्ती मंडळी आहे. तिथल्या एका मास्तरांनी मला विकत घेतलं आणि काठाच्या आतल्या बाजूला छिन्नीने दोन शब्द कोरून घेतले: 'केवळ कृपेने'. तेव्हापासून मी चर्चमध्ये, लाकडी तिवईवर आहे. काम वर्षातून दोन-तीनदाच, बाप्तिस्म्याचं. बाळाला आणतात, पाळक म्हणजे आमचे धर्मगुरू माझ्यातलं पाणी ओंजळीने त्याच्या डोक्यावर तीनदा घालतात, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. बाळ भोकाड पसरतं. आजी डोळे पुसते.

"एवढ्याशा बाळाला काय कळतं?" असं पाहुणे विचारतात. काही कळत नाही. आणि बाळाने केलेलं तरी काय असतं? फार तर कुणाच्या नव्या साडीवर दूध ओकलेलं. आमची मंडळी म्हणते, म्हणूनच तर! देवाची क्षमा कमवावी लागत नाही. येशूने ती आपल्यासाठी मिळवून ठेवली आहे. रिकामे हात पुढे करायचे आणि विश्वासाने घ्यायची. हे इथे सगळ्यांना तोंडपाठ आहे. अंगवळणी मात्र पडत नाही, आणि त्याचा त्रास मला झाला.

त्याचं असं झालं. चार वर्षांपूर्वी, नाताळच्या आठवडाभर आधी, चर्चच्या छपरावर तारा बांधायचा होता. कृष्णाबाईचा नवरा बाबली शिडीवर चढला. खाली शिडी धरून उभा होता त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, हाच तुकाराम. दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. तुकारामच्या खिशातला फोन वाजला. त्याने शिडीवरचे हात काढले. एवढंच. चहाची किटली घेऊन येणाऱ्या कृष्णाबाईनेही ते पाहिलं.

बाबली पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. पडला तेव्हा लोक धावत आले, "काय झाला, काय झाला?" कृष्णाबाईने एकदा तुकारामच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "शिडी सरकली."

दयेने म्हणाली बिचारी. पण ते वाक्य गावात राहायलाच आलं. कुणी विषय काढला की सगळे एका सुरात "सरकली, सरकली" म्हणायचे. देवळातल्या गाऱ्हाण्याला "होय म्हाराजा" म्हणतात ना, तसं. सगळ्यांना अंदाज होता. कुणी बोललं नाही.

आणि तुकाराम घासायला लागला. दर शनिवारी चर्च झाडतो, बाक पुसतो, शेवटी मला घेतो. रविवारी मात्र मागच्या बाकावर. प्रभुभोजनाला पुढे येत नाही. आमच्याकडे ती भाकर आणि तो द्राक्षरस म्हणजे नुसती आठवण नव्हे. प्रभूचं शरीर आणि रक्तच, खरोखर. देताना पाळक प्रत्येकाला म्हणतात, "तुझ्यासाठी." नेमका तेव्हा तुकाराम बाकाखाली वाकून चपला शोधतो. चपला त्याच्या पायातच असतात.

किरण पाळक तरुण आहेत, पण प्रवचन चांगलं करतात. एकदा म्हणाले, शास्त्रात देव दोन प्रकारे बोलतो. आधी म्हणतो, तू चुकलास. मग म्हणतो, तुला क्षमा आहे. पहिलं गाळलं तर दुसरं कशाची क्षमा करणार? सगळ्यांनी माना डोलावल्या. तुकारामने त्या शनिवारी मला दुप्पट घासलं.

आधी 'पेने' गेलं. राहिलं 'केवळ कृ'. पोरं हसत वाचायची, "केवळ कृष्णाबाई!" मग या महिन्यात माझ्या बुडाला थेंब दिसला. पाळक मला कट्टा गावात डाख लावायला, म्हणजे भोक बुजवायला, घेऊन गेले. तिथल्या कारागिराने मला उजेडात धरलं आणि म्हणाला, "डाख कशाक लावू? पत्रो कागदासारखो झालो. ह्येका वापरून कोणी झिजवूक नाय, घासून झिजवलेला आसा."

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी भांडी असतील. त्यांना पुसा, पण घासू नका. आणि स्वतःलाही नका. काही डाग कोकमाने निघत नाहीत.

पुढच्याच रविवारी कृष्णाबाईच्या नातवाचा, तिच्या सुनेच्या म्हणजे आकांक्षाच्या बाळाचा बाप्तिस्मा होता. पाळक म्हणाले, स्टीलचं पातेलं चालेल. बाप्तिस्मा भांड्याने होत नाही, पाण्याने आणि देवाच्या वचनाने होतो. खरं आहे. तरी मला वाईट वाटलं. मग मी ठरवलं, काय वाटेल ते होवो, एवढा एक बाप्तिस्मा पार पाडायचा.

तिकडे कृष्णाबाईनेही ठरवलं होतं. रविवारी सगळे जमल्यावर ती म्हणाली, "ह्याच घंगाळ व्हया. गळताहा तर कोणीतरी खाली हात धरूक व्हयो. तुकाराम, ये हंय."

मागचा बाक करकरला. तुकाराम आला. माझ्या बुडाखाली त्याने दोन्ही तळवे धरले. पाळकांनी पाणी ओतलं. मी जीव खाऊन धरलं, पण थेंब गळत राहिले, एकेक, त्याच्या ओंजळीत. बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी पडलं. बाळाने भोकाड पसरलं. सगळं रीतसर झालं.

"आता बाळाला हातात घेणारा धर्मपिता कोण?" पाळकांनी विचारलं.

"तुकाराम," आकांक्षा म्हणाली आणि बाळ पुढे केलं.

तुकाराम दोन पावलं मागे सरला. ओले हात त्याने पाठीमागे नेले. "माझ्या हातात पोर देऊ नको गो. कृष्णाबाय, तुका ठावक आसा. ती शिडी…"

"सरकली, सरकली," सगळे घाईने म्हणाले.

"गप रवा सगळे!" कृष्णाबाई ओरडली. चर्चमध्ये कुणी असं ओरडलेलं मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. बाळसुद्धा रडायचं थांबलं.

ती तुकारामच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

"शिडी सरकाक नाय, तुकाराम. तू सोडलंस ती. मी बघलंय."

तुकारामने मान हलवली. हो म्हणून.

"आणि मी तुका माफ केलंय. आता पोराक धर. नीट धर."