चंद्रावरून परतलेल्यांचा भाकरतुकडा

मित्रांनो, प्रत्येक चष्म्याला हक्काचं एक नाक असतं. माझ्या नशिबी ते नव्हतं. मी पाचोडच्या वाचनालयातला जुना चष्मा, सगळ्या गावाचा मिळून एक. ज्याला वर्तमानपत्र वाचायचं असेल त्यानं मला उचलून नाकावर ठेवावं आणि वाचून झालं की टेबलावर परत ठेवावं, अशी तिथली रीत होती. कुणी विसरभोळेपणानं खिशात घालू नये म्हणून माझ्या एका काडीला काळा दोरा बांधून तो टेबलाच्या खिळ्याला अडकवला होता. गोठ्यातल्या गाईसारखा मी दावणीला होतो. पण तक्रार कशाला करू? रोजचा ताजा चारा एसटीनं येत होता.

माझा जन्म मात्र शहरातला. तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. गुलमंडीजवळच्या एका दुकानात कुणा वकीलसाहेबांसाठी माझ्या काचा घासल्या, तपकिरी फ्रेममध्ये बसवल्या. वकीलसाहेब न्यायला आलेच नाहीत. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, त्या धामधुमीत ते कुठे गेले देव जाणे. मी दुकानाच्या कपाटातून येणाऱ्याजाणाऱ्यांची नाकं न्याहाळत वर्षं काढली. मग एके दिवशी पाचोडचे काकासाहेब आले. गावात त्यांनी नवं वाचनालय काढलं होतं, पण वाचणाऱ्यांची चाळिशी उलटलेली आणि अक्षर बारीक. म्हातारा दुकानदार हसला आणि मला पुसून त्यांच्या हातावर ठेवत म्हणाला, "लेके जाव साब, इसका मालिक तो आयाच नै."

लोकांना वाटतं, चष्मा बातम्या बघतो. बातम्या माझ्या पुढच्या अंगाला असतात, त्या मला उलट्यासुलट्या कशाही दिसतात. माझं खरं लक्ष मागच्या अंगाला, डोळ्यांकडे. दुष्काळाची बातमी आली की कडूबांचे डोळे बारीक व्हायचे. निवडणुकीच्या बातमीनं तात्यासाहेबांच्या डोळ्यांत खट्याळपणा यायचा. कडूबा शेतकरी होते आणि कशावरही विश्वास न ठेवणारे. तात्यासाहेब गावातले वजनदार गृहस्थ, जिभेला हाड नसलेले. काकासाहेब मोठ्यानं वाचत आणि हे दोघं प्रत्येक बातमीवर बोलत. संध्याकाळी सगळे गेले की मी एकटा टेबलावर पडून राही. खिडकीतून चांदणं येई. माझ्या दोन काचांत दोन छोटे चंद्र उतरत आणि त्या गारव्यात मला गुंगी येई.

मग एकोणीसशे एकोणसत्तरचा जुलै उजाडला आणि वर्तमानपत्रात बातमी आली की माणसं चंद्रावर उतरली.

त्या दिवशी मला क्षणाची उसंत नव्हती. एका नाकावरून दुसऱ्या नाकावर मी नुसता फिरत होतो. एवढे मोठे झालेले डोळे मी त्याआधी पाहिले नव्हते. कडूबा म्हणाले, "पाणी नाय, झाड नाय, नुसते धोंडे. असली जमीन फुकट दिली तरी म्या घेनार नाय. आन उतरले हे तरी खरं कशावरून?"

तात्यासाहेबांनी मिशीवर हात फिरवला. "काकासाहेब, घरी विचारून ठेवा. आता चतुर्थीचा उपास चंद्र बघून सोडायचा का त्याच्यावरची मानसं बघून?"

काकासाहेबांनी घरी जाऊन पत्नीला, आवडाबाईंना, सगळी बातमी सांगितली. दुसऱ्या दिवशी मला नाकावर ठेवलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत काळजी होती.

"आमच्या मंडळीनं अन्न टाकलंय," ते म्हणाले. "ती म्हनती, दोघं खाली उतरली, तिसरा एकलाच वर घिरट्या घालतोय. कुनाची तरी लेकरं हायत. ती घरला येईस्तोवर गळ्याखाली घास उतरायचा नाय."

वाचनालय खदखदून हसलं. कडूबा म्हणाले, "अमेरिकेच्या पोरांसाठी पाचोडात उपास! आवो, त्यांना कळवा तरी!"

हसणं फार टिकलं नाही. नुसत्या पाण्यावर राहिलेल्या आवडाबाई घागर उचलताना घेरी येऊन पडल्या. आता वाचनालयात येणारा जो तो विचारू लागला, "आले का माघारी?" चंद्रावर विश्वास नसलेले कडूबासुद्धा पायरी चढायच्या आधीच विचारू लागले. आणि नेमका तेव्हाच पावसानं जोर धरला. गावाबाहेरच्या ओढ्याला पूर आला. एसटी येईना, वर्तमानपत्र येईना.

ग्रामपंचायतीच्या रेडिओनं मात्र एका सकाळी सांगितलं, तिघंही सुखरूप समुद्रात उतरले. काकासाहेब भर पावसात घरी धावले. वाटलं, झालं, सुटलो एकदाचे. थोड्या वेळानं ते परत आले आणि ओल्या कपड्यांनिशी बाकावर बसून राहिले. तात्यासाहेब शेजारीच होते.

"नाय जेवली," काकासाहेब म्हणाले. "म्हनती, रेडिओला तोंड हाय, डोळं नायत. तोंडातोंडीच्या गोष्टीवर एकदा गोडधोड केलं व्हतं, आता करनार नाय."

ती एकदाची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. रझाकारांच्या दिवसांत आवडाबाईंचा धाकटा भाऊ कारभारी निजामाच्या सरहद्दीपलीकडच्या, मुक्तिसंग्रामाच्या छावणीवर जायला निघाला होता. पोचला, सुखरूप आहे, असा निरोप आला. माहेरी पुरणाची पोळी झाली. कारभारी पोचलाच नव्हता. तो कधी परतही आला नाही. आणि तो निरोप, दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेला, पण खरा मानून, आणला होता तात्यासाहेबांनी.

काकासाहेबांचं बोलणं ऐकून तात्यासाहेब बाकावरून उठले. त्या दिवशी त्यांनी मला घातलेलं नव्हतं, म्हणून त्यांचे डोळे मला जवळून दिसले नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं. त्यांनी वहाणा कोपऱ्यात काढल्या, धोतर खोचलं, घोंगडीची खोळ डोक्यावर घेतली आणि ते बाहेर पडले. वर्तमानपत्र घेऊन आलेली एसटी ओढ्यापलीकडे अडकली होती. कडूबा मागून ओरडले, "आवो, छातीएवढं पानी हाय!" ते थांबले नाहीत.

सगळे दारात उभे राहिले. मी टेबलावरून जेवढी दिसत होती तेवढी वाट बघत होतो. आभाळ खाली आलं होतं. मला वाटू लागलं, हा ओढा नसून आकाशच वाहतं आहे आणि एक म्हातारा माणूस घोंगडी पांघरून त्यातून चंद्राकडे चालला आहे.

दिवस कलता कलता ते परत आले. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगावर कोरडा धागा नाही. डोक्यावर, घोंगडीच्या खोळीत, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं वर्तमानपत्र मात्र कोरडं होतं. काकासाहेबांनी ते उघडलं आणि मग कधी केली नव्हती ती गोष्ट केली. माझा काळा दोरा तोडला आणि मला खिशात घातलं.

घरी आवडाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या; मागोमाग आलेले तात्यासाहेब उंबऱ्याबाहेरच थांबले. काकासाहेब वाचायला लागले तसा त्यांनी हात पुढे केला. "मला बघू द्या."

मी त्यांच्या नाकावर बसलो. अक्षर न येणारे डोळे मी पहिल्यांदाच पाहत होतो. सगळे वाचणारे ओळींवरून धावत जातात. हे डोळे धावले नाहीत. फोटोत एका खिडकीच्या काचेआड तीन माणसं हसत होती. आवडाबाईंनी प्रत्येकाच्या तोंडावर बोट ठेवलं.

"येक. दोन. तीन." मग विचारलं, "ह्यातला एकलाच राह्यलेला कोन?"

"असंल कोनतरी," काकासाहेब म्हणाले. "पन तिघंबी हायत, आवडे."

"व्हय. तिघं हायत." त्या भिंतीला धरून उठल्या. "उंबऱ्याभायेर धरा कागद. लांबून आल्यात लेकरं, तशीच घरात घ्यायची नायत."

तात्यासाहेबांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून वर्तमानपत्र दोन्ही हातांत धरलं. आवडाबाईंनी भाकरीचा तुकडा आणि तांब्या आणला. तिघांवरून भाकरतुकडा ओवाळला, पाणी फिरवलं, तुकडा दूर फेकला. मग परतलेल्याच्या डोळ्यांना लावायचं पाणी बोटावर घेतलं आणि त्या थबकल्या. कागद भिजला असता. त्यांनी मला नाकावरून काढलं आणि ते पाणी माझ्या दोन्ही काचांना लावलं.

मित्रांनो, मला त्यानंतर काही वेळ सगळं धूसर दिसत होतं. तरी एवढं दिसलं की तात्यासाहेब कागद काकासाहेबांच्या हाती देऊन मान खाली घालून निघाले होते.

"तात्यासाहेब, थांबा," आवडाबाई म्हणाल्या. "तुमी बी पुरातून आलात."

त्यांनी भाकरीचा दुसरा तुकडा मोडला आणि तात्यासाहेबांवरून सावकाश ओवाळला. पाणी लावायला हात वर केला तेव्हा तात्यासाहेबांनी डोळे मिटून घेतले आणि ते मोठ्यानं रडू लागले. आवडाबाईंनी त्यांना रडू दिलं. मग त्या आत गेल्या, चुलीपुढे बसल्या आणि उरलेली भाकरी खाल्ली.

पुढे गावात घरोघरी चष्मे आले, मग खिशाखिशात फोन. बातमी आता एसटीची वाट बघत नाही. ती सगळी माणसंही गेली. मी वाचनालयाच्या ड्रॉवरमध्ये आहे. एक काडी मोडली आहे, डाव्या काचेवर ओरखडा आहे. परवा कुणीतरी वर बोलत होतं की आता आपल्या देशाची माणसं आपल्याच यानातून आकाशात जाणार आहेत.

जातील तेव्हा खूप टाळ्या वाजवा. पण एक सांगतो, इतकी वर्षं वर्तमानपत्राला नाक लावून बसलो म्हणून सांगतो. वर गेल्याची बातमी मोठ्या अक्षरांत येते आणि त्या दिवशी सगळेच वाचतात. परतायच्या दिवसापर्यंत वाट बघणारं माणूस मात्र एखादंच असतं. तुमच्या घरात तसं कुणी असेल तर त्याला हसू नका. आणि त्याला बारीक अक्षर दिसत नसेल, तर मला बाहेर काढा, मऊ फडक्यानं पुसा. उजव्या काचेतून अजून स्वच्छ दिसतं.