सोळा डिसेंबरच्या आत

वेंडेलने चमचा आईच्या ओठांशी नेला आणि आधी स्वतःच तोंड उघडलं. त्याचं बघून ओडेसाने उघडलं. रताळ्याचा मऊ लगदा आत गेला. दुपारचे चार वाजले होते, खिडकीबाहेर बफेलोचा बर्फ आडवा पडत होता आणि तिच्या दिवसभरातलं जेवण ते एवढंच. दुसऱ्या कुणाच्या हातून ती खातच नसे. शुश्रूषागृहातल्या फिलिसने सगळे उपाय करून पाहिले होते.

"माझ्या हाताला काय काटे आहेत का, मिस ओडेसा?" चादर बदलता बदलता फिलिस म्हणाली.

"तू मीठ घालत नाहीस," ओडेसा म्हणाली. मग तिने मुलाच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. "दुखतंय का रे?"

"नाही, आई."

तो नऊ वर्षांचा असल्यापासून प्रत्येक सामन्यानंतर ती हेच विचारत आली होती. बाकी बरंच काही तिच्या डोक्यातून पुसलं गेलं, हा प्रश्न तेवढा राहिला. त्याचं उत्तरही तेच राहिलं, आणि गेली दहा वर्षं ते धादांत खोटं होतं. गुडघा कधीच कामातून गेला होता. पण व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये दुखतं म्हणणारा माणूस घरी बसतो. म्हणून संघाच्या डॉक्टरलाही तो आईला दिलेलंच उत्तर द्यायचा.

खिशातला फोन तिसऱ्यांदा थरथरला. तो बाहेर आला. त्याचे करार बघणारा गिल होता.

"तुला टूसॉनच्या संघाला दिलंय. आत्ताच ठरलं."

"मला? अरे, मी यंदा सगळी मिळून अकरा मिनिटं खेळलोय. बाहेरगावच्या सामन्यांना तर नेतही नाहीत मला."

"खेळाचं कोण बोलतंय, भावा?"

जुलैमध्ये बफेलोच्या संघाने त्याला आणखी एक वर्ष ठेवून घेतलं होतं, तेही दुप्पट पगारावर. चौतिसाव्या वर्षी, असल्या गुडघ्यासह! बारा वर्षांच्या घामाची कदर झाली असं समजून तो कचेरीत चक्क रडला होता, सगळ्यांसाठी केक घेऊन गेला होता. आता गिल त्याला समजावत होता. संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. ती ओलांडलेल्या संघाला मोठा खेळाडू हवा असेल, तर जवळपास तेवढ्याच पगाराचं माणूस बदल्यात द्यावं लागतं. म्हणजे सणासाठी टर्की पोसावी तसा त्याचा पगार पोसला होता. उन्हाळ्यात करार केलेल्याला पंधरा डिसेंबरच्या आधी हलवता येत नाही, म्हणून इतके दिवस सगळे गोड बोलत होते. आज पंधरा डिसेंबर होता.

"पहिलाच दिवस धरला त्यांनी?"

"धरावाच लागला. सोळापर्यंत घेतलेल्या खेळाडूचा पगार टूसॉनला फेब्रुवारीत, खेळाडूंची अदलाबदल बंद व्हायच्या आत, दुसऱ्या कुणाच्या पगाराला जोडून पुढे पाठवता येतो. सोळानंतर घेतलं तर नाही."

"मला नाही म्हणायचा हक्क होता ना?"

"होता. जुलैत सोडलास. अकरावं पान. मी विचारलं होतं तुला. तू म्हणालास, सोड रे, घरचीच माणसं आहेत."

वेंडेल भिंतीला टेकून उभा राहिला. डॉक्टरांनी ओडेसाला नाताळापर्यंतची मुदत दिली होती, पुढचं सांगता येत नाही म्हणाले होते. आणि करार मोडून घरी बसायची त्याची ऐपत उरली नव्हती. आधीची कमाई मेहुण्याच्या धंद्यात बुडाली होती. आईची ही खोली याच पगारावर चालली होती.

"उद्या सकाळी तिथे तपासणी आहे," गिल म्हणाला. "त्यांचा डॉक्टर नापास करू शकतो. मग व्यवहार रद्द, तू परत बफेलोला. मी काही सुचवत नाहीये, हं."

रात्रीच्या विमानात वेंडेल एकच शब्द मनात घोळवत राहिला.

टूसॉनला स्वच्छ ऊन होतं. डॉक्टर सॅलस नावाच्या बाईंनी त्याचा डावा पाय वाकवला आणि अंगठा गुडघ्याच्या आतल्या बाजूला दाबला.

"दुखतं?"

"न—" जिभेला सवय होती. त्याने ओठ मिटले, पुन्हा उघडले. "हो. दुखतं."

एकदा सुरुवात झाल्यावर तो थांबेना. जिने एका पायाने उतरतो. सामन्याआधी गोळ्या घेतो. सकाळी पलंगावर बसून पाय सरळ व्हायची वाट बघतो. दहा वर्षांचं सगळं बाहेर आलं. सॅलसबाई लिहीत होत्या, आणि त्याला इतकं हलकं वाटत होतं की डोळे भरून आले. चारच्या आत बफेलो गाठणं आज जमणार नव्हतं. उद्या नक्की जमलं असतं.

तासाभराने संघाचा अधिकारी होल्डर आत आला. हातात कागद होते.

"पास झालास. ये, स्वागत आहे."

"मी? त्यांनी गुडघा पाहिला ना?"

"पाहिला. पण गुडघा कुणाला हवाय? तुला खेळवायचं नाहीये, वेंडेल. आम्हाला फेब्रुवारीसाठी तुझा पगार हवाय." तो चांगला माणूस होता, नजर चुकवून बोलत होता. "गिलने काल तुझ्या आईचं सांगितलं. मी रात्रीच हे तयार ठेवलं होतं."

त्याने वरचा कागद पुढे केला. फेब्रुवारीपर्यंत बफेलोला घरी राहायची परवानगी होती. पगार चालू. खाली सही करायची जागा रिकामी होती.

"द्या की मग!"

"आता नाही देता येत. इजेची नोंद झालीय. जखमी खेळाडूला आमच्या डॉक्टरच्या नजरेखालीच ठेवावं लागतं, रोज. शिवाय फेब्रुवारीत पुढचा संघ ही फाईल बघणार. नाताळात दोन दिवस सोडेन तुला. तू दुखत नाही म्हणाला असतास ना, तर..." त्याने वाक्य सोडून दिलं आणि कागदाची घडी घातली.

दोन वाजता वेंडेलला उपचाराच्या खोलीत टेबलावर निजवलं होतं, गुडघ्याभोवती बर्फ बांधलेला. बफेलोत चार वाजले असणार. त्याने फिलिसला फोन लावला. तिने तो ओडेसाच्या कानाशी धरला.

"आई, मी बोलतोय. फिलिसच्या हातात चमचा आहे. आ कर बघू. आऽ." छताकडे बघत त्याने स्वतःच तोंड उघडलं.

"नाही उघडत ती," लांबून फिलिसचा आवाज आला. "ओठ घट्ट मिटलेत. दाराकडे बघतेय."

मग फोनमध्ये खूप जवळून ओडेसाचा श्वास ऐकू आला.

"दुखतंय का रे?"

"नाही, आई," वेंडेल म्हणाला.