नेव्हर हॅवला घेऊन आली

मुलांनो, जरा कल्पना करा. वर्गातली बाकं भिंतीला सरकवली आहेत. मधल्या मोकळ्या जागेत सहा मुलं ओळीने उभी आहेत आणि प्रत्येकाच्या गळ्यात एकेक इंग्रजी शब्द लिहिलेला पुठ्ठा आहे. सगळ्यांचं मिळून वाक्य होतं: आय हॅव नेव्हर लॉस्ट अ शू. म्हणजे, माझा बूट कधी हरवला नाही.

सगळ्यांत पुढे होती छोटी. 'आय'चा पुठ्ठा मिळाल्यापासून तिचं नाक आकाशाला टेकलं होतं. मागे 'हॅव' घेऊन उभी होती तिची सख्खी ताई. संध्याकाळच्या या इंग्रजीच्या वर्गात लहानमोठी सगळी मुलं एकत्र शिकत. दोघी बहिणींचा चार दिवस अबोला होता. छोटी अजून दिवा लावून झोपते, हे ताईने अख्ख्या वर्गाला सांगून टाकलं होतं. ताईने माफी मागितल्याशिवाय बोलायचं नाही, असा छोटीचा पण होता. आणि ताईच्या घशात माफी माशाच्या काट्यासारखी अडकत असे.

त्या दिवशी वर्ग बघायला पालक आले होते. दोघी बहिणींचे बसचालक बाबाही ड्युटीवरून थेट गणवेशात आले होते.

बाई म्हणाल्या, "हेच वाक्य आता ठासून सांगायचंय. मग 'नेव्हर' पुढे येते. पण एकटी येत नाही हं, 'हॅव'ला हात धरून आणते. 'आय'ने त्यांच्या मागे जायचं. चला!"

'नेव्हर' होती बेकरीवाल्याची मुलगी. तिने ताईचा हात धरला आणि ऐटीत पुढे निघाली. पण छोटी दोन्ही हात पसरून वाटेत उभी.

"सरक ना गं," नेव्हर कुजबुजली.

"तू ये पुढे. ती नको."

"अगं, ती नसली तर वाक्य लंगडं होतं."

"होऊ दे. बूट तर हरवला नाही ना? मग लंगडायला काय झालं?"

पालकांत खसखस पिकली. बाबा टोपीआड तोंड लपवून हसले. ताईचे कान मात्र लाल झाले. बाई रागावल्या नाहीत. स्टुलावर बसत त्या एवढंच म्हणाल्या, "थांबू आपण. वाक्याला कुठे गाडी पकडायचीय?"

सगळे थांबले. ताईने पुठ्ठ्याची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"मी सांगायला नको होतं," ती पुटपुटली.

"ऐकू आलं नाही."

"चुकलं माझं!" ताई एवढ्या मोठ्याने म्हणाली की मागचा 'शू' दचकला. "आणि परवा घरात उंदीर निघाला, तेव्हा मी टेबलावर चढून बसले होते. हेही सगळ्यांना सांगते. झालं?"

"रडलीस पण," छोटी म्हणाली.

"थोडीशी."

"बरीच."

"बरं बाई, बरीच!"

आता मात्र हसता हसता बाबांची टोपी हातातून खाली पडली. छोटीने हात खाली घेतले. ती एक पाऊल मागे सरकली. ताईचे पाय लांब आहेत म्हणून आणखी अर्धं पाऊल सरकली. 'नेव्हर' ताईला घेऊन तिच्या पुढे येऊन उभी राहिली. मग पाठीमागून ताईचा फ्रॉक घट्ट धरून, आपला शब्द यायची वाट न बघता, तिने सगळं वाक्य एकटीनेच खणखणीत म्हणून टाकलं, "नेव्हर हॅव आय लॉस्ट अ शू!"