काळ्या टेपखालची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची पट्टी आहे. काही महागड्या लॅपटॉपच्या की-बोर्डवर, आकड्यांच्या रांगेच्या वर, बोटभर रुंदीची जी चकचकीत पट्टी असते ना, ती मी. असते म्हणण्यापेक्षा असायची म्हणा, कारण मला घडवणाऱ्यांनी माझ्यासारख्या पट्ट्या करणं आता बंद केलं आहे. मी रागावलेली आहे आणि तो राग लपवण्याचं मला काही कारण दिसत नाही.

मी जन्मले तेव्हा केवढं कौतुक झालं! साध्या बटणावर एकदा जे अक्षर छापलं ते जन्मभर तेच. मी मात्र कामाप्रमाणे रूप बदलते. गाणं लावलं की आवाजाची खूण दाखवते, फोटो उघडला की रंग दाखवते आणि व्हिडिओ उघडला की तो सगळा माझ्या अंगावर पसरतो. बोट सरकवा, चित्र मागेपुढे धावतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याच लोकांनी नाकं मुरडली. म्हणे, दाबलेलं बोटाला कळत नाही. म्हणे, हिच्याकडे खाली मान घालून बघावं लागतं. अहो, मग बघा की! बघितल्यानं डोळे झिजतात का?

पुण्यात दोन मालक बदलून मी केजला आले, गुफरानच्या फोटो स्टुडिओत. गुफरान लग्नांचं शूटिंग करतो. हात चांगला, पण घाई फार. काम करताना त्याची करंगळी मला घासायची आणि स्क्रीन एकदम काळी व्हायची. यात माझीही थोडी चूक आहे, मी जरा हळवीच. पण त्याने काय करावं? शेजारच्या बंकट वायरमनला म्हणाला, "लई नखरे हाय बे हिचे!" एका जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापला, माझ्यावर ठेवला आणि वरून बंकटची वायरिंगची काळी टेप चिकटवली. ना चौकशी, ना विचारपूस. दोन वर्षं मी अंधारात काढली.

मग एका दुपारी चौसाळ्याच्या गीताबाई जीपने केजला आल्या. हिवाळ्यात ऊसतोडीला जाणाऱ्या, उरलेल्या दिवसांत लग्नांतली भांडी घासणाऱ्या बाई. त्यांच्या गावात बबनरावांच्या लेकीचं लग्न झालं होतं, त्याचं शूटिंग गुफराननेच केलं होतं आणि त्या दिवशी नवरीची आई वनमाला हिची सोन्याची बोरमाळ हरवली होती. बबनरावांनी ना पोलिसांत विचारलं, ना घर धुंडाळलं. गावाच्या मोबाइल ग्रुपवर सरळ लिहून मोकळे झाले, की माळ भांडेवाल्या गीताबाईनं नेली. त्या दिवसापासून गीताबाईंना कुणी दारात उभं करत नव्हतं. त्या नळावर गेल्या की बाया आपापल्या घागरी जवळ ओढून घ्यायच्या. गरीब दिसली की चोर ठरली, हा कुठला न्याय?

"बाबा, सगळी शूटिंग दाव मला," त्या गुफरानला म्हणाल्या. "म्या दिवसभर कुठं होते, ते लोकायला दिसू दे."

"मावशी, पाच घंट्याची शूटिंग हाय. गिऱ्हाईक खोळंबलेत. कोन बघत बसंल?"

"म्या बसते."

गुफरानने त्यांच्या हातात माऊस दिला. तो काही त्यांना आवरेना. बाण कधी या कोपऱ्यात, कधी त्या कोपऱ्यात. शेवटी गुफरानने वैतागून माझ्यावरची टेप सोलली, पुठ्ठा काढला. "हिच्यावर बोट फिरवा. फिरवाल तसं चित्र पळंल."

त्यांनी बोट ठेवलं आणि मित्रांनो, मला ते कळलंच नाही! कोयता धरून, भांडी घासून त्यांच्या बोटांची कातडी इतकी राठ झाली होती. मला घडवणाऱ्यांनी फक्त मऊ हातच धरले होते हिशेबात. तेव्हा मला माझी स्वतःची चीड आली. पण बाई हटल्या नाहीत. एकेक बोट लावून पाहिलं आणि शेवटी करंगळी टेकवली. ती मला कळली. गुफरानच्या करंगळीमुळे माझ्यावर टेप आली आणि बाईंच्या करंगळीनेच मला कामाला लावलं!

मग मी जीव तोडून धावले. हळद गेली, वरात गेली, पंगती गेल्या. गीताबाई स्वतःचं हिरवं लुगडं शोधत होत्या. मध्येच त्यांचं बोट थांबलं, थोडं मागे आलं.

"गुफरान, हिकडं ये. ह्या बाहुलीच्या गळ्यात काय हाय?"

पडद्यावर रुखवत मांडलेलं होतं. लाडू, शेवया, पितळेच्या कळशा आणि मधोमध नवरीसारखी नटवलेली मोठी कापडी बाहुली. वनमालाबाई हसत हसत स्वतःच्या गळ्यातली बोरमाळ काढत होत्या आणि फोटोत शोभावी म्हणून बाहुलीच्या गळ्यात घालत होत्या. सगळं मिळून पाच-सहा सेकंद; लग्नाच्या गडबडीत त्या स्वतःही ते विसरल्या. नंतर रुखवताची खोकी बांधली गेली आणि नवरीबरोबर तिच्या सासरी, शिरूर कासारला गेली.

गुफरानने कपाळावर हात मारला. "म्याच शूट केलतं हे! अन् माझ्याच ध्यानात न्हाई!"

गुफरानने फोन करून बोलावलं तसे बबनराव आले. त्यांनी पाहिलं, लेकीला फोन लावला. तिच्या घरी माळ्यावरचं खोकं उघडलं गेलं, माळ बाहुलीच्या गळ्यातच होती. तर बबनराव म्हणतात कसे, "चला, मिटलं. मेसेज खोडून टाकतो. अन् बाई, तुला एक लुगडं घेतो."

माझ्या काचेला तडा जायचा राहिला.

"लुगडं नको," गीताबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली. "तुमी खोडाल, पर ज्यानी वाचलं त्याच्या मनातून कसं खोडाल? ज्या ग्रुपवर मला चोर म्हनलात, तिथंच तुमच्या तोंडानं सांगा. तवर म्या हितून उठत न्हाई."

बबनरावांनी गुफरानकडे पाहिलं. गुफरानने बबनरावांचाच मोबाइल रेकॉर्डिंगला लावून त्यांच्यासमोर धरला. मान खाली घालून ते बोलले, "माळ आमच्याच घरच्या हातानं ठेवली गेलती. गीताबाईनं चोरी केली न्हाई. माझं चुकलं." ते त्याच ग्रुपवरून गावभर गेलं. गीताबाईंनी ते दुकानात बसून दोनदा ऐकलं, मगच जीपकडे गेल्या.

जाताना मागे वळल्या, कारण गुफरानने सवयीने पुन्हा टेप हातात घेतली होती. "आता कावून झाकतूस तिला?" त्या म्हणाल्या. गुफरान ओशाळला. त्याने टेप खणात टाकली.

मित्रांनो, ती टेप अजून खणातच आहे, कधीही पुन्हा बाहेर निघेल, म्हणून ही विनवणी करते. वस्तू असो की माणूस, निकामी किंवा चोर ठरवायच्या आधी एकदा नीट बघा. आणि बघितल्यावर आपलीच चूक निघाली, तर नुसती खोडू नका. ज्या आवाजात आळ घेतला, त्याच आवाजात माफी मागा.