बिजागरी ठोकलेला खांब

मी एक जुना खांब आहे. टोटाराच्या लाकडाचा, दोन पुरुष उंच, नदीच्या ऐन धारेत कमरेपर्यंत बुडालेला. मला आजवर तीन वेळा उपटलं आणि तिन्ही वेळा मी परत येऊन इथेच उभा राहिलो. तेव्हा मित्रांनो, माझ्याकडून रडगाण्याची अपेक्षा ठेवू नका.

काठावरच्या वस्तीची म्होरकी पिरिहीरा, तिच्या आजोबांच्या वडिलांनी मला घडवलं. झाडावर घाव घालण्याआधी त्यांनी जंगलाची परवानगी मागितली, मग महिनाभर तासून मला नदीत रोवलं. इथल्या माओरी लोकांत अशा खांबाला पूर्वजाचं नाव देतात. माझं नाव तुरामा. हिवाळ्याआधीचा पहिला पूर आला की वाम मासे झुंडीने समुद्राकडे निघतात. काठ्यांची दोन कुंपणं त्यांना वळवत वळवत एका अरुंद तोंडाशी आणतात आणि त्या तोंडाशी, जाळं अंगाला बांधून, मी उभा असतो. काठ्या दरवर्षी नव्या लागतात, मी मात्र तोच. पहिला वाम माझ्या पायाशी परत सोडायचा, बाकीचे धुरी देऊन सुकवायचे. त्यावर अख्खी वस्ती हिवाळा काढायची.

मग गोरे आले. त्यांतल्या टॉमस पेंडलबरीचं पीठ पहिल्याच हिवाळ्यात भिजून सडलं. त्याची बायको ईडिथ तेव्हा पोटुशी होती. पिरिहीराने त्यांच्या दारात सुकवलेल्या वामांच्या दोन टोपल्या नेऊन ठेवल्या. हा गडी दुसऱ्या दिवशी काठावर आला, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "वा! काय खांब आहे!" मला बरं वाटलं. मी भोळा होतो.

पुढे पेंडलबरीने दलदल उपसली, गाई पाळल्या. गोऱ्यांनी नदीसाठी एक बोर्ड काढलं. मत कोणाला? ज्याच्या एकट्याच्या नावावर जमीन असेल त्याला. माओरींची जमीन साऱ्या कुळाची, म्हणून मत एकालाही नाही. आता दलदल मेल्यामुळे पावसाचं सगळं पाणी थेट नदीत येऊ लागलं आणि गोऱ्यांची कुरणं बुडू लागली. पेंडलबरी अध्यक्षपदाला उभा राहिला आणि गरजला, "पुराचं कारण तो वामांचा बंधारा! मला निवडून द्या, खांब उपटून दाखवतो." निवडून आला.

शाळेत बोर्डाची बैठक भरली तेव्हा पिरिहीरा गेली. दारातच तिला अडवलं. मतदारांनाच आत प्रवेश, म्हणाले. ती खिडकीत जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "पाणी दलदल प्यायची. ती तुम्ही मारलीत. आता खांबाला कशाला बोल लावता?"

आतल्यांनी खिडकी लावून घेतली.

आठ बैल लावून मला काढलं. शंभर वर्षं चिखलात रुतलेला पाय निघताना काय होतं ते मी सांगत बसत नाही. बाकी काठ्या त्यांनी जाळल्या. मला मात्र पेंडलबरी घरी घेऊन गेला, कारण टोटारा कुजत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने मला फाटकाचा खांब केला. माझ्या बरगडीत ही एवढी लोखंडी बिजागरी ठोकली आणि तिच्यावर फाटक लटकवलं. पूर्वजाचं नाव घेऊन मी गाई मोजत उभा! संताप संताप झाला.

पहिला पूर जेमतेम दहा दिवसांवर आला होता. मी जागेवर नसलो तर जाळं बांधणार कशाला आणि हिवाळ्यात खाणार काय, हाच वस्तीपुढे प्रश्न होता.

चौथ्या दिवशी सकाळी रस्त्यावरून लांबलचक साद आली. पिरिहीरा येत होती. अंगात काळे कपडे, डोक्याला शोकाचं, हिरव्या पानांचं वेटोळं, मागे तीसेक माणसं. ती सरळ माझ्यापाशी आली, कपाळ माझ्या अंगाला टेकवलं आणि मोठ्याने रडू लागली. मग सगळेच रडले. मग सतरंज्या टाकून फाटकातच बसले.

पेंडलबरी धावत आला. "हे काय चाललंय, बाई?"

"अरे टॉमस, आमचे आजोबा तुझ्या दारात उभे आहेत. त्यांना भेटायला नको यायला?"

"तो खांब आहे!"

"तुला खांब दिसत असेल. आम्हाला तुरामा दिसतो. त्याला तू घरी आणलंस, म्हणजे आता तू यजमान आणि आम्ही पाहुणे. पाहुण्यांना चहा विचारायची रीत तुमच्यात आहे ना?"

ईडिथ दारातून ऐकत होती. ती आत वळली आणि सर्वांत मोठं आधण चुलीवर चढवलं.

"तू त्यांना चहा देणार?" पेंडलबरी ओरडला.

"त्या हिवाळ्यात मी काय खाल्लं होतं, विसरलात वाटतं? तुमचा थोरला त्या वामांवर वाढलाय."

तीन दिवस पाहुणे हलले नाहीत. रडणं झालं की गाणी, गाणी झाली की माझ्या कुळाच्या कथा, कथा झाल्या की पुन्हा चहा. माणसं बसलेली, त्यामुळे फाटक काही लागेना. गाई निघाल्या आणि शेजाऱ्याच्या सलगमात घुसल्या. शेजारी मतदार! तो येऊन असं काही बोलला की पेंडलबरीचे कान लाल झाले. मला हसता आलं असतं तर बिजागरीच निखळली असती.

तिसऱ्या संध्याकाळी डोंगरावर ढग दाटले. पेंडलबरी बाहेर आला. "घेऊन जा तुमचा आजोबा एकदाचा."

पिरिहीरा उठली नाही. "आम्ही का नेऊ? काढताना आठ बैल होते आणि सारा गाव बघत होता. तूच नेशील आणि तूच रोवशील. तेही दिवसाढवळ्या."

"लोक माझं तोंड बघणार नाहीत. मतं जातील माझी."

"मतं तुझी जातील. जेवण आमचं जाईल. बघ बाबा, काय महाग पडतं ते."

ईडिथ त्याच्याकडे न पाहता गोठ्यात गेली आणि बैल सोडू लागली. थोड्या वेळाने तोही तिच्यामागे गेला.

सकाळी मला गाडीवर चढवलं. पेंडलबरीने हळूच माझ्यावर गोणपाट टाकलं. पिरिहीराने ते ओढून त्याच्याच हातात दिलं. "आमच्यात आजोबांना तोंड झाकून नेत नाहीत." मग शाळेवरून, बोर्डाच्या सगळ्या सदस्यांच्या घरांवरून, मी उघड्या अंगाने नदीवर आलो. पेंडलबरी छातीइतक्या पाण्यात उतरला आणि मला माझ्याच खड्ड्यात उभं केलं. बिजागरी काढायला त्याने पक्कड आणली, तर पिरिहीरा म्हणाली, "राहू दे. जाळं बांधायला बरी आहे."

तीनच दिवसांनी पूर आला. त्या वर्षीचं जाळं त्याच बिजागरीला बांधलेलं होतं.

पेंडलबरी पुढची निवडणूक हरला. नव्या अध्यक्षाने मला पुन्हा उपटलं, त्याच्यानंतरच्यानेही उपटलं. मला पुन्हा रोवलं पिरिहीराने, आणि तिच्यानंतर तिच्या मुलीने. मध्यंतरी शहरातले एक सद्गृहस्थ मला काचेमागे ठेवायला मागत होते. मुलीने त्यांनाही चहा पाजून परत पाठवलं.

मित्रांनो, मला जपा म्हणून मी हात जोडणार नाही, मला हात नाहीत. एवढंच सांगतो. कुठलाही जुना खांब उपटण्याआधी त्याचं नाव विचारा. सांगणारं माणूस दाराबाहेर उभं असेल, तर आधी त्याला आत घ्या. आणि तरीही उपटायचाच असेल, तर खुशाल उपटा. फक्त चहाचं आधण मोठं ठेवा, माझी माणसं येतील.