घरची वाचक

“बाबा, सगळं बिऱ्हाड नव्या जागी पोचलं. एकदा नजर टाका,” म्हणत सूनबाईने लॅपटॉप मिस्त्रींपुढे सरकवला.

मिस्त्रींचं आयुष्य शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात गेलं. चौदा वर्षांपूर्वी, दुकान जोरात असताना, त्यांनी ब्लॉग सुरू केला. दुपारी घरी आले की आधी लिहायचं, मग जेवायचं. कुणाचं मशीन, काय दुखत होतं, काय केलं. असे बाराशे लेख झाले. आता ज्या कंपनीच्या सर्व्हरवर हा पसारा होता, तिने गाशा गुंडाळायचं ठरवलं होतं. आज दुपारी बाराला कुलूप लागणार होतं, आणि सूनबाईने त्यासाठी रजा काढली होती.

मिस्त्रींनी पहिलाच लेख उघडला. मशीन टाके सोडतं म्हणून एका बाईने ते तीनदा आणलं होतं, आणि सुई उलटी बसवलेली निघाली होती. लेख होता, फोटो होता. खाली मात्र काहीच नव्हतं.

“इथली घरची वाचक कुठे गेली?”

“ती? अहो बाबा, तो कचरा होता. एकाच नावाने अकराशे वेळा एकच वाक्य. नव्या जागेच्या गाळणीने आपणहून बाजूला काढलं, मी टोपली रिकामी केली.”

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. “अगं, त्या तुझ्या सासूबाई.”

सूनबाई या घरात आली ती सासूबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी. तिला कोण सांगणार? सुरुवातीला ब्लॉगकडे चिटपाखरू फिरकत नव्हतं. मिस्त्री हिरमुसले, तेव्हा स्वयंपाकघरातून बायकोच्या मोबाइलवरून पहिला अभिप्राय आला: ‘वाचलं. आता जेवायला या.’ खाली सही, घरची वाचक. पुढे परदेशातले वाचकही गंमत करायचे, आम्हीपण येऊ का? घरची वाचक कुणाला उत्तर देत नसे. लेख पडला की तिचं वाक्य पडायचं, ताट वाढलेलं असायचं. मिस्त्रींना त्या दिवसांची फार आठवण येई.

सूनबाईने घड्याळ पाहिलं. पन्नास मिनिटं होती. तिने केस वर बांधले आणि जुन्या सर्व्हरवरून सगळे अभिप्राय पुन्हा ओढायला लावले. अठ्ठावीस टक्क्यांवर गाडं अडलं. तिने पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच. तिची बोटं भराभर चालायला लागली.

“सावकाश,” मिस्त्री म्हणाले. “घाईने चाक फिरवलं की दोरा तुटतो. एकदम नको ओढूस, थोडं थोडं घे.”

मग तिने एकेक वर्ष वेगळं काढलं. शेवटचं वर्ष उतरलं तेव्हा बाराला चार मिनिटं होती. बाराच्या ठोक्याला जुना पत्ता पांढरा फटक पडला.

अकराशे वाक्यं पुन्हा गाळणीतच अडकली होती, पण होती. सूनबाईने डोळे पुसले. “एक बटण दाबलं की सगळी मंजूर होतील, बाबा.”

“नको. मी एकेक करतो.”

चार दिवस मिस्त्री तेच करत बसले. वाचायचं काय, वाक्य तर एकच. तरी ते प्रत्येक वाचत, त्या दिवशीचं मशीन आठवत, मग मंजूर म्हणत. चौथ्या दुपारी टोपली रिकामी झाली. सूनबाई कामावर गेली होती, घरात कुणी नव्हतं.

मिस्त्रींनी बायकोच्या हयातीतला शेवटचा लेख उघडला. तो त्यांनी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिला होता. त्याखालचं तिचं वाक्य गाळणीने अडवलं नव्हतं, कारण ते बाकीच्यांसारखं नव्हतं.

‘वाचलं. जेवून घ्या.’

मिस्त्रींनी लॅपटॉप मिटला, हात धुतले आणि स्वतःचं ताट वाढून घेतलं.